वेशीवरची झडती

समा-सावली रस्त्याने बडोदा मागे पडलं की मंजुसर येतं. मंजुसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडच्या रांगा सरत आल्या की सावलीची हद्द जवळ आलेली असते. सावली म्हणजे तालुक्याचं गाव. पण याच पट्ट्यातल्या आल्स्टॉमच्या कारखान्यातून, जो २०२१च्या सुरुवातीपर्यंत बॉम्बार्डियरचा होता, दिल्ली मेट्रोचे डबे बाहेर पडले, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडसाठी बनलेल्या लोकलगाड्या बोटीवर चढल्या आणि दिल्ली-मेरठ मार्गावरची पहिली ‘नमो भारत’ गाडी २०२२च्या मे महिन्यात सुपूर्द झाली. असा मोठा कारखाना एकटा राहत नाही. त्याच्या आगेमागे पत्रा कापणारे, कंस वाकवणारे, रबराचे गास्केट ओतणारे, वायरिंगचे जुडगे बांधणारे छोटे कारखानदार जमतात. कुणाकडे पंधरा माणसं, कुणाकडे दीडशे.

यातल्या कुठल्याही शेडच्या फाटकावर उभं राहावं आणि गंमत बघावी. ट्रक आला की वॉचमन चलन मागतो, गाडीचा नंबर रजिस्टरमध्ये लिहितो, ताडपत्री वर करून आत डोकावतो. परत जाताना गेटपासशिवाय एक नटबोल्टही बाहेर पडत नाही. मात्र त्याच वेळी, त्याच्या डोक्यावरून गेलेल्या फायबरच्या काळ्या वायरीतून जे आत येतं आणि बाहेर जातं, त्याला रजिस्टर नसतं. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग, खरेदीचा आदेश, ई-वे बिल, बँकेचं स्टेटमेंट, पगाराची फाइल असा कारखान्याचा निम्मा जीव त्या वायरीत असतो. ती वायर अकाउंट्सच्या खोलीत कपाटावर ठेवलेल्या एका वहीएवढ्या खोक्यात शिरते. खोक्यावर चार-सहा हिरवे दिवे लुकलुकत असतात. त्यावर धूळ असते. बहुतेक ठिकाणी त्याचा पासवर्ड मालकाला माहीत नसतो, तो ‘नेटवाल्या भाईं’ना माहीत असतो.

हा लेख त्या खोक्याबद्दल आहे. त्याला फायरवॉल म्हणतात, यूटीएम म्हणतात. त्याच्या पोटात जे झडती घेणारं काम चालतं त्याचं नाव गेटवे अँटिव्हायरस.

साधा फायरवॉल पाकिटावरचा पत्ता वाचतो. कुठून आलं, कुठे चाललं, कुठल्या दारावर म्हणजे पोर्टवर थाप मारतंय, एवढं पाहून तो आत सोडतो किंवा परतवतो. पाकिटात काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. गेटवे अँटिव्हायरस पाकीट फोडतो. ईमेलला जोडलेली फाइल, वेबसाइटवरून उतरवलेला प्रोग्रॅम, एफटीपीने आलेलं ड्रॉइंग यांचे तुकडे तुकडे नेटवर्कवरून येत असतात. हे तुकडे जुळवून तो फाइल उभी करतो, तिची खूण ओळखीच्या घातक फाइलींच्या खुणांशी ताडून पाहतो, आणि जुळली तर ती फाइल कारखान्यातल्या एकाही कॉम्प्युटरपर्यंत पोचू देत नाही.

हे ताडून पाहण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि खोकं विकत घेणाऱ्याला हा फरक क्वचित सांगितला जातो. एका तऱ्हेत फाइल पूर्ण येईपर्यंत खोकं तिला आपल्याकडे अडकवून ठेवतं, पूर्ण तपासतं, मगच पुढे देतं. तपासणी कसून होते, पण मोठी फाइल उतरवणाऱ्याला वाटतं नेट बंद पडलं. दुसऱ्या तऱ्हेत तुकडे पुढे जात राहतात आणि जाता जाता त्यांच्यावर नजर टाकली जाते. शेवटच्या तुकड्यापर्यंत संशय पक्का झाला तर तो शेवटचा तुकडा अडवतात, म्हणजे फाइल अर्धवट राहते. यात वेग राहतो, पण काही डावपेच नजरेतून निसटतात. दोन्ही तऱ्हांत एक मर्यादा ठरलेली असते: अमुक एमबीपेक्षा मोठी फाइल तपासायची नाही. झिपमध्ये झिप, तिच्यात आणखी झिप असेल तर अमुक थरांपर्यंतच उलगडायचं. त्यापलीकडचं काय करायचं, सोडायचं की अडवायचं, हे सेटिंगमधल्या एका चौकोनात ठरतं. बहुतेक खोक्यांत तो चौकोन खोकं बनवणाऱ्याकडून आला तसाच, ‘सोडा’वर, राहिलेला असतो.

वेगाचा मुद्दा इथेच येतो. विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर ठळक आकडा छापलेला असतो तो नुसत्या फायरवॉलचा, पाकिटावरचे पत्ते वाचण्याचा. अँटिव्हायरस, घुसखोरी-प्रतिबंध आणि एन्क्रिप्शन उलगडणं हे सगळं चालू केल्यावरचा आकडा खाली बारीक अक्षरांत असतो, आणि तो त्याच्या कितीतरी पट कमी असतो. खोकं घेतलं जातं वरच्या आकड्यावर. आठवड्याभरात अकाउंटंटची तक्रार येते की जीएसटीचं पान उघडत नाही. नेटवाल्या भाईंना फोन जातो, ते घरबसल्या रिमोटने आत येतात आणि तपासणी बंद करतात. नेट धावू लागतं. खोक्यावरचे दिवे तसेच हिरवे राहतात. कारखान्याच्या दृष्टीने सुरक्षा ‘बसवलेली’ असते.

*

झडती वेशीवर नेण्याची गरज मुळात का पडली? कारण एके काळी वेस म्हणजे फ्लॉपी ड्राइव्ह होता. १९८६मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा फ्लॉपीवरून फिरायचा. १९९०च्या सुमारास भारतातच पहिल्यांदा सापडलेला ‘जोशी’ नावाचा व्हायरस ५ जानेवारीला कॉम्प्युटर गोठवायचा आणि जोशींना वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप करायला सांगायचा. शुभेच्छा दिल्या की काम पुढे चालू! हे जोशी कोण, याचा पत्ता कधी लागला नाही. आज फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या टोळ्यांपुढे तो व्हायरस फारच सभ्य वाटतो.

त्या फ्लॉपीच्या काळातच पुण्यात कैलाश काटकर कॅलक्युलेटर आणि मग कॉम्प्युटर दुरुस्त करत होते. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरसच जास्त निघतात हे बघून त्यांचा धाकटा भाऊ संजय याने साफसफाईचे प्रोग्रॅम लिहायला घेतले. त्यातून ‘क्विक हील’ उभी राहिली आणि २०१६मध्ये शेअर बाजारात आली. त्यांच्या ‘सेक्राइट’ नावाखाली कारखान्यांसाठीची वेशीवरची खोकीही विकली गेली. पण मुळात क्विक हील ही प्रत्येक टेबलावरच्या कॉम्प्युटरची राखण करणारी. ईमेल आलं, आणि २०००च्या मे महिन्यात प्रेमपत्राचं सोंग घेतलेल्या एका फाइलने एका दिवसात जगभरच्या कचेऱ्या आडव्या केल्या, तेव्हा प्रत्येक टेबलावर पहारेकरी ठेवण्यापेक्षा दारात एक ठेवावा हा विचार जोर धरू लागला.

या दारावरच्या धंद्यात गुजरातेचं नाव मोठं झालं ते अहमदाबादमुळे. १९९९च्या आसपास सुरू झालेल्या ‘एलीटकोअर’ या कंपनीतून ‘सायबरोम’ निघालं. भारतीय कंपनीने बनवलेली आणि जगभर विकली गेलेली ही फायरवॉलची खोकी होती. त्यांची कल्पना चांगली होती. नेटवर्कचे शास्त्रीय थर सात मानले जातात. सायबरोमवाले म्हणायचे आठवा थर म्हणजे माणूस. कॉम्प्युटरच्या नंबरावर नियम न लावता तो वापरणाऱ्यावर लावायचा. बडोदा, हालोल, सावली, वापी या पट्ट्यातल्या कारखानदारांना ते पटण्यासारखं होतं, कारण इथे एकाच कॉम्प्युटरवर सकाळी स्टोअरकीपर आणि संध्याकाळी मालकाचा पुतण्या बसतो. २०१४मध्ये ब्रिटनच्या सोफोस या कंपनीने सायबरोम विकत घेतलं. सायबरोमच्या गोष्टीत या धंद्याचं यश आणि धोका दोन्ही इतके स्पष्ट दिसतात की मी त्याच्याकडे पुन्हा येणार आहे.

*

आता पाकीट फोडण्याची खरी अडचण. गेल्या दहा वर्षांत जवळपास सगळं वेब एन्क्रिप्ट झालं. ब्राउझरच्या पट्टीत कुलूप दिसतं ते हेच. बँक, जीमेल, सरकारी पोर्टल हे तर झालंच. पण घातक फाइल ठेवणारी वेबसाइटही आज कुलूप लावूनच येते, कारण ते प्रमाणपत्र फुकट मिळतं. वेशीवरच्या खोक्याला त्या कुलूपबंद पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतलं काही दिसत नाही. म्हणजे गेटवे अँटिव्हायरस विकत घेतला, पण एन्क्रिप्शन उलगडण्याची सोय चालू केली नाही, तर झडती फक्त उघड्या पाकिटांची होते. अशी पाकिटं आता फारशी उरलेलीच नाहीत.

सोय चालू करायची म्हणजे काय होतं? खोकं मध्ये उभं राहतं. कारखान्यातल्या कॉम्प्युटरला ते सांगतं की मीच ती वेबसाइट. वेबसाइटला सांगतं की मीच तो कॉम्प्युटर. दोन्ही बाजूंनी कुलूप उघडून, तपासून, पुन्हा लावतं. त्यासाठी खोकं स्वतः बनावट नव्हे पण घरगुती प्रमाणपत्रं तयार करतं, आणि ती खरी मानावीत असं प्रत्येक कॉम्प्युटरला आधी शिकवावं लागतं. पंचवीस कॉम्प्युटर असतील तर पंचवीस ठिकाणी ते प्रमाणपत्र बसवावं लागतं. बँकेची आणि डिजिटल सही लागणारी सरकारी पानं या उलगडण्यातून वगळावी लागतात, नाहीतर सहीची यूएसबी चावी रुसते. दवाखान्याची, वैयक्तिक मेलची पानं वगळावीत हे सभ्यतेचं आहे, आणि कामगारांना सांगून करावं हेही. मालक आपला सगळा पत्रव्यवहार वाचू शकतो हे कळल्यावर माणसाचं वागणं बदलतं.

याच यंत्रणेत सायबरोमची गफलत झाली होती. २०१२च्या जूनअखेरीस जॉर्डनमधल्या एका माणसाला इंटरनेटवर ओळख लपवायला मदत करणाऱ्या टॉर प्रकल्पाच्या वेबसाइटचं प्रमाणपत्र विचित्र दिसलं. ते सायबरोमच्या खोक्याने दिलेलं होतं. टॉरच्या रुना सँडविक आणि सुरक्षातज्ज्ञ बेन लॉरी यांनी खोदून पाहिलं तेव्हा कळलं की जगभरच्या सायबरोम खोक्यांत प्रमाणपत्रावर शिक्का मारणारी गुप्त किल्ली एकच होती. म्हणजे ज्याच्याकडे एक खोकं आणि पुरेशी चिकाटी, तो तीच किल्ली काढून दुसऱ्या कुठल्याही सायबरोम गिऱ्हाइकाच्या कर्मचाऱ्यांना खोटी बँक खरी म्हणून दाखवू शकला असता. किल्ली खोक्याबाहेर काढता येत नाही, असं कंपनी म्हणाली. काही दिवसांत कुणीतरी ती इंटरनेटवर टाकलीच. मग घाईने दुरुस्ती आली आणि प्रत्येक खोक्याने आपली वेगळी किल्ली बनवली. लाजिरवाणा प्रसंग खरा. तरी मी यात एकट्या सायबरोमला दोष देणार नाही. दुसऱ्याचं पाकीट फोडून परत बंद करण्याचं काम ज्याच्या हाती येतं, त्याच्या एका आळसाची किंमत सगळ्यांना पडते. हा त्या कामाचाच स्वभाव आहे.

आणि इतकं सगळं नीट केलं तरी एक दार उरतं. ते दार सावलीतच नाही तर सगळ्या देशात सताड उघडं आहे. ते म्हणजे व्हॉट्सॲप. गिऱ्हाइकाचा इंजिनियर ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर टाकतो, ट्रान्सपोर्टवाला बिल्टीचा फोटो टाकतो, अकाउंटंट कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप उघडून त्या फाइली तिथेच उतरवतो. त्यातला मजकूर दोन टोकांमध्ये कुलूपबंद असतो. खोक्याने वरचं पाकीट उघडलं तरी आत आणखी एक बंद पाकीट, आणि त्याची किल्ली खोक्याकडे नाही. या फाइली अँटिव्हायरसच्या नजरेला पडतात त्या थेट कॉम्प्युटरवर, तिथे अँटिव्हायरस असेल तर. पासवर्ड लावलेल्या झिप फाइलीचंही तेच. फाइल मेलमध्ये, पासवर्ड मेलच्या मजकुरात. माणूस वाचून उघडतो, खोकं उघडू शकत नाही.

ओळखीच्या माणसाने पहारा ओलांडल्याची सावलीला एक जुनी आठवण आहे. १७३२मध्ये पिलाजीराव गायकवाड, ज्यांच्या घराण्याचं पुढे बडोदा झालं, त्यांचा डाकोरजवळ खून झाला. गुजरातचा मोगल सुभेदार, मारवाडचा अभयसिंह, याने तहाच्या बोलणीचं निमित्त करून माणूस पाठवला. इतिहासकार सांगतात की वाटाघाटींसाठी येणंजाणं चालू होतं, पहाऱ्याला तो माणूस ओळखीचा झाला होता. एका भेटीनंतर काहीतरी राहिलं म्हणून तो परत फिरला, कानात सांगायच्या मिषाने जवळ गेला आणि कट्यार चालवली. पिलाजीरावांच्या माणसांनी त्यांचा देह महीपार सावलीला आणून अंत्यसंस्कार केले, आणि त्यांच्या स्मरणार्थ बांधलेलं मंदिर सावलीत आहे. पहारा होता, पण मारेकरी परवानगीने आला होता. आजच्या खंडणीखोरांचा आवडता मार्गही तोच आहे. ओळखीच्या गिऱ्हाइकाचा मेल आधी काबीज करायचा, चालू असलेल्या संभाषणात शिरायचं, आणि ‘सुधारित ड्रॉइंग जोडलं आहे, बँक खातं बदललं आहे’ असं लिहायचं. बँक खातं बदलल्याच्या मेलमध्ये तर फाइल नसतेच. तपासायला व्हायरसच नसतो. त्या मेलला एकच उतारा आहे, गिऱ्हाइकाच्या जुन्या, माहीत असलेल्या नंबरावर फोन करून विचारणं.

*

मोठ्या कंपन्यांच्या बाबतीतही झडतीच्या पलीकडचंच घडलेलं आहे. २७ जून २०१७ला जवाहरलाल नेहरू बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया थंडावलं. हे टर्मिनल मर्स्क समूहाच्या एपीएम टर्मिनल्सचं, आणि मर्स्कच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम शिरला होता. कंटेनर कुठला, कुणाचा, कुठे रचलाय हे सांगणारी यंत्रणाच नाही म्हटल्यावर ट्रकच्या रांगा लागल्या. कागदावर काम चालवायची पाळी आली. मर्स्कने पुढे सांगितलं त्याप्रमाणे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले आणि तोटा २५ ते ३० कोटी डॉलरचा झाला. हा नॉटपेट्या मेलमधून आला नव्हता. युक्रेनमध्ये हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमध्ये तो घुसवलेला होता. आपल्याकडे टॅली जसं घरोघरी असतं तसं तिथे ते. एकदा आत गेल्यावर तो एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर, ऑफिसच्या आतल्या आत धावला. आतल्या आत धावणारी गोष्ट वेशीवरून जातच नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी, ११ ऑगस्ट २०१८च्या शनिवारी, पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून पैसे जायला लागले. एटीएमच्या व्यवहारांना होकार-नकार देणाऱ्या यंत्रणेच्या शेजारी चोरांनी आपलीच एक खोटी यंत्रणा उभी केली होती, जी प्रत्येक नकली कार्डाला होकारच देत होती. २८ देशांतल्या एटीएमवर माणसं आधीच उभी होती. सोमवारी १३ तारखेला बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय देवघेवीच्या स्विफ्ट या मार्गाने १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगच्या खात्यात गेले. एकूण ९४.४२ कोटी. बँकेकडे वेशीवरचं खोकं नसेल असं कुणी म्हणणार नाही. पुणे न्यायालयाने २०२३च्या एप्रिलमध्ये अकरा जणांना दोषी ठरवलं, पण ते सगळे इथे एटीएममधून पैसे काढणारे हात होते. डोकं कुठे होतं याविषयी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञसमितीने उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं.

कारखान्यात आतल्या आत धावण्याचा रस्ता बहुधा पेन ड्राइव्हचा असतो. सीएनसी मशीनचा कंट्रोलर पंधरा वर्षांपूर्वीचा, त्यात जुनं विंडोज, त्याला अपडेट देणारं आता कुणी नाही. प्रोग्रॅम डिझाइनच्या खोलीतून पेन ड्राइव्हवर जातो. इराणच्या सेंट्रिफ्यूजसाठी बनवलेला ‘स्टक्सनेट’ २०१०मध्ये उघडकीस आला तेव्हा सिमँटेकच्या मोजणीत इराण आणि इंडोनेशियानंतर सर्वाधिक लागण भारतात होती, आणि त्याचं मुख्य वाहन पेन ड्राइव्हच होतं. यावर खोक्याचा एकच उपयोग आहे, तोही अँटिव्हायरसचा नाही: मशीनशॉप, ऑफिस, सीसीटीव्ही आणि पाहुण्यांचं वायफाय असे नेटवर्कचे कप्पे पाडणं, आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना याच खोक्यातून जावं लागेल असं करणं. ही सोय बहुतेक खोक्यांत विकत घेतल्या दिवसापासून असते. ती वापरलेली मात्र फार कमी ठिकाणी दिसते, कारण त्यासाठी कुणालातरी एक रविवार वाया घालवावा लागतो.

*

सायबरोमकडे परत जाऊ. ४ डिसेंबर २०१८ला, सायबरोम सोफोसच्या मालकीचं झाल्यानंतर, त्यांच्या भारतातल्या कार्यालयात एक यंत्र अवेळी नेटवर्क चाचपत असल्याचं सोफोसच्या पहारेकऱ्यांना दिसलं. कुठलं यंत्र? भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर चित्रं दाखवणारा एक साधा कॉम्प्युटर. त्याला फारसे अधिकार नव्हते, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं. त्यात घुसलेला प्रोग्रॅम पाहिल्यावर कळलं की हे किरकोळ चोरांचं काम नाही. सोफोसने पाच-सहा वर्षं पाठलाग करून २०२४च्या ऑक्टोबरअखेरीस या सगळ्याचा मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं, चीनमधले गट वर्षानुवर्षं फायरवॉल बनवणाऱ्या कंपन्यांच्या खोक्यांवरच डोळा ठेवून होते. कारण उघड आहे. खोकं चोवीस तास चालू असतं, थेट इंटरनेटला तोंड करून उभं असतं, त्याच्यातून सगळ्यांचं सगळं जातं, आणि त्याच्या स्वतःच्या राखणीसाठी आत अँटिव्हायरस बसवता येत नाही.

२०२०च्या एप्रिलमध्ये त्याचं फळ दिसलं. सोफोसच्या खोक्यांतल्या एका अज्ञात भोकातून चोर शिरले आणि वापरणाऱ्यांची नावं व पासवर्डचे ठसे उचलू लागले. कंपनीने दुरुस्ती थेट खोक्यांत पाठवली. तेव्हा चोरांनी त्याच मार्गाने खंडणीखोर व्हायरस ढकलायचा प्रयत्न केला. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०२४च्या डिसेंबरमध्ये चेंगडूच्या सिचुआन सायलेन्स या कंपनीत काम करणाऱ्या गुआन तियानफेंग याच्यावरचं आरोपपत्र जाहीर केलं. त्यात बाधित फायरवॉलचा आकडा जगभरात सुमारे ८१,००० दिला आहे.

बाराकुडा या कंपनीच्या मेल तपासणाऱ्या खोक्यांची कथा आणखी टोचणारी. मेलला जोडलेली टार प्रकारची गठडी उलगडून आतल्या फाइली तपासायच्या, हे त्यांचं काम. २०२३च्या मे महिन्यात लक्षात आलं की गठडीतल्या फाइलींची नावं विशिष्ट पद्धतीने लिहिली तर खोकं ती नावं वाचता वाचता आज्ञा म्हणून पाळतं. नुसता एक मेल पाठवायचा. कुणी उघडायची गरज नाही, झडती घेणारा स्वतःच उघडणार आणि स्वतःच बळी पडणार. हे आदल्या ऑक्टोबरपासून चाललं होतं. जूनमध्ये कंपनीने गिऱ्हाइकांना सांगितलं की दुरुस्ती पुरेशी नाही, बाधित खोकंच बदलून घ्या.

हे वाचून कुणी म्हणेल, मग हवाच कशाला तो डबा? मला हे पटत नाही. ओळखीचे व्हायरस रोज हजारोंनी येतात, वापरात असलेले बहुतेक हल्ले जुनेच असतात, आणि पंधरा माणसांच्या कारखान्यात प्रत्येक कॉम्प्युटर अद्ययावत असेल याची शाश्वती ब्रह्मदेवही देणार नाही. दारावर एक चाळण असणं शहाणपणाचं आहे. पण चाळण बसवली म्हणजे दळण झालं असं समजणं, आणि त्याहून वाईट म्हणजे ती बसवून तिचा कुणी वालीच न ठेवणं, यात खरं नुकसान आहे. खोकं घेतलं, पहिल्या वर्षाचं लायसन्स त्याच्याबरोबर आलं, ते संपलं, नूतनीकरणाचा मेल विक्रेत्याच्याच जुन्या पत्त्यावर गेला. खुणांची यादी त्या तारखेला गोठते. खोकं चालूच राहतं, फायरवॉलचं काम करत राहतं, त्यामुळे कुणाला काही बिघडल्यासारखं वाटत नाही. गेल्या दिवाळीपासून आलेला एकही नवा व्हायरस त्याला ओळखता येत नाही.

झडती खरंच होते का, हे तपासायला महागडा तज्ज्ञ लागत नाही. ‘आयकार’ नावाची एक चाचणीची फाइल आहे, ६८ अक्षरांची. ती पूर्ण निरुपद्रवी आहे, पण जगातल्या जवळजवळ सगळ्या अँटिव्हायरसांनी तिला व्हायरस समजून अडवायचं असा करार आहे. ती आधी साध्या, मग कुलूपबंद पानावरून उतरवून बघायची; मग झिप करून; मग मेलमधून. पहिल्या वेळी लाल पान दिसतं आणि दुसऱ्या वेळी फाइल सरळ उतरते, असं झालं की एन्क्रिप्शन उलगडण्याची सोय बंद आहे हे नेटवाल्या भाईंना विचारल्याशिवाय कळतं. पाच मिनिटांचं काम आहे. टेबलावरचा अँटिव्हायरसही ती अडवतो, त्यामुळे अडवलं कुणी, हे संदेशातलं नाव वाचून बघायचं.

दुसरं काम सरकारने सांगितलेलंच आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या आदेशाप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि यंत्रणांच्या नोंदी, म्हणजे लॉग, १८० दिवस जपायच्या असतात. लहान उद्योगांना त्यासाठी त्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत सवलत होती, ती कधीच संपली. छोट्या खोक्याच्या पोटात सहा महिन्यांच्या नोंदी मावत नाहीत. त्या रोज दुसऱ्या कुठल्यातरी कॉम्प्युटरवर उतरवाव्या लागतात. हे न केलेल्या ठिकाणी चोरी झाल्यावर चोर कुठून आला हे शोधायला जावं तर नोंदवही चार दिवसांचीच निघते.

खंडणीखोराने फाइली कुलूपबंद केल्याच तर कारखाना वाचवते ती बॅकअपची डिस्क, आणि तीही कॉम्प्युटरला कायम जोडलेली नसेल तरच. जोडलेली डिस्क मूळ फाइलींबरोबरच बंद होते. हे सगळ्यांना माहीत असतं. डिस्क मात्र जोडलेलीच असते, कारण रोज काढून ठेवायचं काम कुणाच्या नावावर नसतं.

आता दिवाळी. गुजरातेत वसाहतीतल्या बऱ्याच शेड लक्ष्मीपूजनाला चोपडापूजन उरकून कुलूप लावतात ते लाभपाचमीलाच उघडतात. हल्ली चोपड्याबरोबर लॅपटॉपलाही कुंकू लागतं. या सुटीत शेडमध्ये वॉचमन आणि ते खोकं एवढेच जागे असतात, आणि चोरांना सुट्या आवडतात. कॉसमॉसवर हात पडला तो शनिवारीच. म्हणून पूजेच्या आदल्या दिवशी, मिठाईचे डबे वाटून झाल्यावर, कुणीतरी खोक्याच्या पानावर जाऊन लायसन्सची तारीख बघावी, खुणांची यादी कधी अद्ययावत झाली ते बघावं, खोक्याच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती आली असेल तर चढवावी. खोक्याचं नियंत्रण-पान इंटरनेटवरून उघडतं का ते आपल्या मोबाइलच्या डेटावरून करून पाहावं. उघडलं तर ते बंद करायला सांगावं. नेटवाल्या भाईंचा रिमोट प्रवेश सुटीपुरता बंद ठेवावा. पासवर्ड बदलून तो मालकाने स्वतः, तिजोरीत, कागदावर लिहून ठेवावा. जे कॉम्प्युटर सुटीत लागणार नाहीत ते नुसते झोपवू नयेत, बंद करावेत. आणि बॅकअपची डिस्क काढून कपाटात टाकावी.